शेळीच्या तोंडातली किल्ली

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या पायात आजवर बाभळीचा काटा मोडला आहे? हात वर करा बघू! धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतले जवळजवळ सगळे हात वर गेले असणार. शहरातल्या मुलांनी आपल्या आई-बाबांना विचारावं. अनवाणी पळणं, एकदम ‘आई गं!’, मग आजीची सुई, आणि वर गुळाचा चटका. हे सगळं त्यांना अजून आठवत असेल.

पण काटा आठवतो आणि झाड मात्र आठवत नाही, अशी बाभळीची गत झाली आहे. वडाला दोरा गुंडाळतात, पिंपळाला पार बांधतात, लिंबाच्या सावलीत खाट टाकतात. बाभळीकडे कोण बघतं? मीही बघत नव्हतो. गेल्या मे महिन्यात तुळजापूर तालुक्यात मामाच्या गावाला गेलो होतो. तिथे एका आजींनी मला या झाडाचं एक गुपित सांगितलं, आणि तेव्हापासून मी रस्त्यानं जाताना बाभळी मोजत चाललेला असतो.

भर दुपारची वेळ. जमीन तव्यासारखी तापलेली, गवताची काडी औषधालाही नाही. बांधावरच्या एका बाभळीखाली या आजी हातात आकडी घेऊन उभ्या होत्या. आकडी फांदीला अडकवून त्यांनी एक हिसका दिला, तशा वाळक्या शेंगा खाली पडल्या. त्याबरोबर लांबवर पांगलेल्या त्यांच्या शेळ्या कान उडवत धावत आल्या. काळ्याभोर, उंच, लांब कानांच्या. या आपल्या प्रसिद्ध उस्मानाबादी शेळ्या. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे!)

आजींच्या कमरेला एक कापडी पिशवी होती. तिच्यात चपट्या, काळपट तपकिरी बिया.

“आजी, हे बी कशाचं?” मी विचारलं.

“बाभळीचं की. सकाळी शेळ्यांचा वाडा झाडताना येचलं.”

“वाड्यातलं कशाला? इथं झाडाखाली एवढ्या शेंगा पडल्यात की!”

आजी हसल्या. “आरं लेकरा, झाडाखालचं बी पेरून बघ, लवकर उगवतच न्हाई. शेळीच्या तोंडातनं आलेलं बी पेरायचं. मग बघ कसं उगवतंय!”

घरी येऊन पुस्तकं चाळली. आजींचं म्हणणं खरं निघालं.

कुलूपबंद बी

बाभळीचं बी हातात घ्या. नखानं खरवडा, दातानं चावून बघा (गिळू नका बरं का!). लोखंडासारखं कडक लागेल. बाहेरचं कवच इतकं घट्ट असतं, की पाणी आत शिरतच नाही. पाणी नाही, तर कोंब नाही. असं बी मातीत दोन-दोन, चार-चार वर्षं नुसतं पडून राहतं. जिवंत असतं, पण कुलूपबंद.

आता शेळी काय करते पाहा. दिवसभर ती शेंगा गटागट गिळते. रात्री वाड्यात निवांत बसून रवंथ करते, म्हणजे पोटातलं पुन्हा तोंडात आणून सावकाश चावते. शेंगेचा गर मऊ झालेला असतो, तो ती खाते. टणक बी दाताला लागलं, की थुंकून टाकते. काही बिया लेंड्यांतूनही बाहेर पडतात. पण या सगळ्या प्रवासात पोटातल्या रसांनी आणि ओलाव्यानं कवच झिजलेलं असतं. कुलूप उघडलेलं असतं! म्हणून तर रोपवाटिकांमध्ये बाभळीची रोपं करायची असली, की शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातलं बी गोळा करून आणण्याची जुनी पद्धत आहे.

असं कुलूपबंद बी जगात आणखीही झाडांचं असतं. उत्तर अमेरिकेत, कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात, ‘जॅक पाइन’ नावाचं झाड आहे. आपल्या हिमालयातल्या चिडाचं भाऊबंद. पानं सुयांसारखी, आणि बिया लाकडी शंकूंमध्ये. हे शंकू राळेनं चिकटवून बंद केलेले असतात. झाडावर ते वर्षानुवर्षं तसेच लटकत राहतात. त्यांची किल्ली कोणाकडे असेल? वणव्याकडे! आग लागून आच साधारण ५० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचली, की राळ वितळते, शंकू उघडतो आणि जळून मोकळ्या झालेल्या जमिनीवर बिया पडतात. मोठी झाडं जळून जातात, पण पुढच्या पिढीला ऊन मिळतं, राखेचं खत मिळतं.

तिथल्या लोकांनी काय केलं? वणवे वाईट, म्हणून ते विझवायला सुरुवात केली. त्यात चूक काही वाटत नाही, नाही का? पण मिशिगन राज्यात ‘कर्टलंड वॉर्बलर’ नावाचा पिवळ्या पोटाचा, चिमणीएवढा एक पक्षी आहे. तो घरटं करतो जमिनीवर, तेसुद्धा कोवळ्या जॅक पाइनच्या खाली टेकलेल्या फांद्यांच्या आडोशाला. वणवे थांबले, नवी झाडं उगवेनात, आणि पक्ष्याला घरटं करायला जागाच उरेना. इतरही कारणं होती. १९८७ मध्ये मोजणी केली तेव्हा गाणारे नर उरले होते फक्त १६७. मग वनखात्यानं हातानं जॅक पाइनची लागवड करायचा सपाटा लावला, आणि २०१९ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला.

तिकडे किल्ली वणव्याकडे, इकडे शेळीकडे. एवढं लक्षात ठेवा आणि परत आपल्या बांधावर या.

मे महिन्यातलं ताट

बाभळीचं वेळापत्रक मोठं शहाणपणाचं आहे. पावसाळ्यात तिला फुलं येतात. पिवळीजर्द, गोल, लोकरीच्या गोंड्यांसारखी. पूर्वी मुली ती कानात डूल म्हणून घालत. त्यांना मंद गोड वास असतो. मग शेंगा धरतात: करड्या-पांढऱ्या, मखमली, प्रत्येक बीच्या दोन्ही बाजूंना कमरेसारख्या दबलेल्या. जणू मण्यांची माळच. एका शेंगेत आठ ते बारा बिया. वाळक्या शेंगांचे पैंजणही मुली करायच्या.

या शेंगा पिकून गळतात कधी? मार्च ते मे. म्हणजे नेमक्या तेव्हा, जेव्हा रानात गुरांना खायला काहीच नसतं. धाराशिव जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. ज्या साली तो दगा देतो, त्या साली कडबा महाग होतो. अशा वेळी प्रथिनांनी भरलेल्या या शेंगा म्हणजे शेळीला फुकटचं पंचपक्वान्नच! उस्मानाबादी शेळी या कोरड्या मुलखात तग धरून राहिली, दूध देत राहिली, जुळी करडं वाढवत राहिली, त्यात बाभळीचा वाटा मोठा आहे. आणि बाभूळ पसरली त्यात शेळीचा.

मग काटे कशाला? अहो, पाहुणचार शेंगांचा, पानांचा नव्हे. पानं ओरबाडली तर झाड जगेल कसं? म्हणून पानाच्या बुडाशी दोन-दोन पांढरे काटे पहारा देतात. ते लहान झाडावर सर्वांत लांब असतात, बोटाएवढेसुद्धा. झाड मोठं होऊन फांद्या शेळीच्या आवाक्याबाहेर गेल्या, की काटे आखूड होत जातात. जुन्या बाभळीच्या शेंड्याकडे कधीतरी नीट बघा, काटे फार थोडे दिसतील. उगाच खर्च कोण करणार? (उस्मानाबादी शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून त्यातूनही पाला खुडतेच, तो भाग वेगळा.)

काट्यांचे गिऱ्हाईक आणखीही आहेत. खाटीक नावाचा एक छोटा पक्षी आहे. नाव ऐकून दचकू नका. तो टोळ, नाकतोडे, कधी सरड्याचं पिल्लू पकडतो आणि चक्क बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. मग सवडीनं तुकडे तोडून खातो. त्याचं हे दुकान तुम्हाला एकदा दिसलं, तर विसरणार नाही. सुगरणीची घरटी तर तुम्ही पाहिलीच असतील. विहिरीवर झुकलेली बाभूळ ही तिची आवडती जागा. खाली पाणी, भोवती काटे. सापानं यायचं तरी कसं? ‘बबुल ब्लू’ नावाचं नखाएवढं निळसर फुलपाखरू तर नावातच बाभूळ घेऊन फिरतं.

आणि जमिनीखालीही एक कारखाना चालू असतो. बाभूळ शेंगेच्या कुळातली, हरभऱ्या-तुरीची नातेवाईक. तिच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात, आणि ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. पानगळ झाली की तो मातीत उतरतो. मात्र खरं तेच सांगायचं, तर बाभळीच्या अगदी जवळचं पीक जरा खुरटंच राहतं. सावली पडते, मुळं पाणी ओढतात. म्हणून शेतकरी दरवर्षी तिच्या फांद्या छाटायचे. छाटलेल्या काटेरी फांद्या, ज्यांना फेसाटी म्हणतात, त्या कुंपणाच्या खिंडाराला लावायचे. ‘रामकाठी’ नावाचा बाभळीचा एक प्रकार आहे. तिच्या फांद्या पसरत नाहीत, खराट्यासारख्या सरळ वर जातात. सावली कमी, म्हणून बांधावर ती विशेष लाडकी.

सुताराचं झाड

आता तुमच्या आजोबांना एक प्रश्न विचारा: “आजोबा, बैलगाडीचं चाक कशाचं करायचे?” उत्तर बहुतेक ‘बाभळीचं’ असंच येईल. बाभळीचं लाकूड जड, चिवट, लवकर न कुजणारं. चाकाचा मधला तुंबा, आरे, शिवाय नांगर, कुळव, तिफण, कुऱ्हाडीचा दांडा, सगळं बाभळीचं. शेतकऱ्यानं बांधावरची बाभूळ तोडायची, गावातल्या सुतारमेटावर नेऊन टाकायची, सुतारानं वर्षभर अवजारं घडवायची आणि सुगीला बलुतं न्यायचं. बाभळीच्या सालीत बारा ते वीस टक्के टॅनिन असतं, त्यामुळे चांभाराला कातडं कमवायला साल. घराला सरपण. दात घासायला काडी. थंडीत लाडवाला डिंक.

म्हणून त्या काळी एक बाभूळ तोडली, तर शेजारचं रोप राखलं जाई. कारण पुढच्या दहा-पंधरा वर्षांनी गाडीचं चाक लागणारच होतं ना!

मामाच्या शेताच्या बांधावर त्याच्या लहानपणी सात बाभळी होत्या. आता एक आहे. सहा गेल्या कुठे? एक विहिरीच्या मोटेच्या कामी आली, एक मामाच्या गाडीला. बाकीच्या चार मात्र गेल्या वीटभट्टीला, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. बैल विकले, ट्रॅक्टर आला. टायरची गाडी आली, तिला लोखंडी सांगाडा. सुतारमेट बंद पडलं. भावाभावांत वाटण्या झाल्या, तसा बांध अरुंद झाला. ट्रॅक्टर वळवताना बाभळीचा अडथळा, आणि काटा टायरमध्ये घुसला की पंक्चर. “मग ठिवायची कशाला?” मामा म्हणाला. मला लगेच उत्तर सुचलं नाही. शेती त्याची, पंक्चरचे पैसेही त्याचेच.

आणि शेळ्या? अनेक ठिकाणी त्या आता बंदिस्त गोठ्यात राहतात. शेंगा पोत्यानं विकत आणतात. किल्ली लागलेलं बी मग गोठ्यातच पडतं, खतातून शेतात जातं, आणि तिथे उगवलं की खुरप्यानं निघतं. बांधापर्यंत पोहोचतच नाही.

तुम्ही म्हणाल, पण आम्हाला तर रस्त्याच्या कडेला, पडक्या जागी, तळ्याच्या काठी बाभळीच बाभळी दिसतात! थांबा. ती नीट बघा. फूल गोल गोंड्यासारखं आहे, की लांब तुऱ्यासारखं? शेंग मण्यांच्या माळेसारखी आहे, की पिवळसर आणि सरळ चपटी? तुरा आणि पिवळी शेंग असेल, तर ती बाभूळ नव्हेच. ती वेडी बाभूळ, आपल्याकडच्या बोलीत येडी बाभूळ. ती मूळची मेक्सिको, वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली. साधारण दीडशे वर्षांपूर्वी, १८७० च्या दशकात, सरपण मिळावं आणि उजाड जमीन झाकावी म्हणून ती भारतात आणली गेली. शेंगा गोड, त्या शेळ्या-गुरं खातात आणि बी पसरवतात. पानं मात्र शेळी तोंडात धरत नाही. तोडली तर बुंध्यातून दहा फुटवे येतात. मुळांची तर बातच सोडा. तिच्या एका चुलत बहिणीची मुळं अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका खाणीत ५३ मीटर खोल सापडली होती! गरिबाची चूल तिच्यावर पेटते, कोळसा होतो, हे खरं आहे. पण जिथे तिचं रान माजतं, तिथे गवत आणि दुसरी झाडं मागे हटतात.

(माळावरची, सालीनं फिकट पांढरट आणि फुलानं पिवळी नसून दुधाळ दिसणारी काटेरी मंडळी म्हणजे हिवर. तो आपला गाववाला. त्याच्यावर पुन्हा कधीतरी.)

परदेशी गेलेली बाभूळ

आता गंमत ऐका. तिकडची बाभूळ इकडे येऊन माजली. मग इकडची तिकडे गेली तर? गेली होती! १८९० च्या दशकात आपली बाभूळ ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमध्ये पोहोचली. तिथल्या उघड्या गवताळ मैदानात मेंढ्यांना सावली आणि चारा हवा होता. काही वर्षं सगळे खूश होते. पुढे मेंढ्यांच्या जागी गाईगुरं आली. मेंढ्या पुष्कळ बिया चावून फोडतात, गुरांच्या शेणातून मात्र त्या धडधाकट बाहेर पडतात. त्यातच १९५० आणि १९७० च्या दशकांत भरपूर पावसाची वर्षं आली, आणि बाभळीनं मैदानंच्या मैदानं गिळली. आज तिथे साठ लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर ती कमी-जास्त प्रमाणात पसरलेली आहे. आपला अख्खा धाराशिव जिल्हा साधारण साडेसात लाख हेक्टरांचा. म्हणजे असे आठ जिल्हे! १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियानं आपल्या सर्वांत त्रासदायक वीस तणांची यादी केली, त्यात आपली बाभूळ आहे.

मग इथे ती का माजली नाही? इथे तिची पानं खाणारे किडे आहेत, शेंगा पोखरणारे भुंगे आहेत, आकडी घेतलेल्या आजी आहेत, कुऱ्हाड घेतलेला सुतार होता. आपल्या गावात तिला वचक आहे. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ म्हणूनच भारतात येऊन, कोइमतूरच्या वनसंशोधन संस्थेच्या मदतीनं, बाभळीला खाणारे किडे शोधत होते.

एवढं करून ऑस्ट्रेलियानं तिचं नावही नेलं. बाभळीचं शास्त्रीय नाव कितीतरी वर्षं ‘अकेशिया नायलोटिका’ होतं. नायलोटिका म्हणजे नाईल नदीकाठची, कारण इजिप्तमध्येही ती पूर्वापार आहे. पण ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या शेकडो जाती, बहुतेक बिनकाट्यांच्या! २००५ मध्ये व्हिएन्नाला वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि ‘अकेशिया’ हे नाव त्यांना द्यायचं ठरलं. २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ झाली ‘व्हॅचेलिया नायलोटिका’. आजींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “काय बी म्हणू दे की, शेळीला कळतंय.”

तुम्हीही उघडा कुलूप

आता एक प्रयोग. बाभळीच्या वाळक्या शेंगा फोडून तीस बिया काढा. दहा बिया तशाच ठेवा. दहा बियांची एक कडा काचपेपरवर घासा, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंतच. उरलेल्या दहांसाठी मोठ्या माणसाकडून पाणी उकळून घ्या, भांडं खाली उतरवा आणि त्यात बिया टाकून दिवस-रात्र तशाच भिजू द्या. कोणत्या बिया फुगल्या, ते बघा. मग दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडून, माती आणि शेणखत भरून, तिन्ही प्रकारच्या बिया वेगवेगळ्या पेरा. पिशवीवर तारीख लिहायला विसरू नका. शेळ्यांचा वाडा जवळ असेल, तर तिथल्या दहा बियाही लावा. चौथी स्पर्धक! कोण जिंकतं आणि किती दिवसांत, ते वहीत नोंदवा. रोपाचं पहिलं पान साध्या पिसासारखं येतं, नंतरची दुहेरी, पिसाला पिसं फुटल्यासारखी. मूळ मात्र फार भराभर खाली जातं, म्हणून रोप पहिल्याच पावसाळ्यात जमिनीत लावा.

आजींनी मला मूठभर बी दिलं होतं. मी ते मामाच्या परसात पिशव्यांत लावलं. नवव्या दिवशी पहिला कोंब वर आला. जुलैत मी पुन्हा गेलो, तेव्हा रोपं वीतभर झाली होती आणि मामा त्यांना पाणी घालत होता. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, “ह्यातली चार ओढ्याकडच्या बांधावर लाव. तिकडं ट्रॅक्टर वळवावा लागत न्हाई, आन् सावली बी वड्यात पडंल.”

रामकाठी निघतात का, ते अजून कळायचं आहे.